बाळंतपणाला आलती

५ जानेवारी, सोमवार
तालुक्याच्या आरोग्य ऑफिसात वर्षाचा गोषवारा आज बांधला. अर्भक मृत्यू वेगळे, माता मृत्यू वेगळे. मा.मृ.च्या रकान्यात शून्य. साहेब इतके खूश की शिपायाला कचोऱ्या आणायला पिटाळलं. "मॅडम, शून्य! जिल्ह्याला सत्कार होतो बघा आपल्या तालुक्याचा." मी हो म्हटलं. कचोरी गार होती.

संध्याकाळी भाजीबाजारात गेले. कमलबाई बऱ्याच दिवसांनी बसलेली. मेथीच्या जुड्यांमागे, मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं तान्हं. मी आपली हसत विचारते, "कोणाचं वो हे?"
"नात हाये माही. मोठ्या पोरीची, उज्ज्वलाची."
"आणि उज्ज्वला?"
"गेली ना मॅडम. बाळंतपणातच गेली."
काय बोलले आठवत नाही. मेथी घेतली, पैसे द्यायचे राहिले, तिनेही मागितले नाहीत.
शून्य म्हणे!

८ जानेवारी, गुरुवार
तीन दिवस शोधतेय. पोरगी जन्माच्या नोंदीत आहे, इथलीच, आमच्याच तालुक्यातली. आई कुठेच नाही.

कमलबाईच्या गावची आशा कार्यकर्ती मंदा, तिला फोन लावला. "ताई, ते आपली नाही ना. सासर तिचं धामणगाव बढ्याकडे. इकडे बाळंतपणाले आलती." मग सासरच्या तालुक्याला, मोताळ्याच्या ऑफिसात; माझंच काम करणारा तिकडचा माणूस. तो म्हणे, आमच्याकडून माहेरी गेली, आम्ही नाव कमी केलं. एवढं सांगून वर मलाच म्हणतो, "कशाले डोक्शाले ताप करून घेता?"

इकडचे म्हणतात तिकडची, तिकडचे म्हणतात इकडची. दर काढताना माता मृत्यू वर, जिवंत जन्म खाली. पोरगी जिवंत जन्मली म्हणून भागाकारात खाली आहे. आई मेली तरी वर नाही. आणि वर नाही म्हणजे चौकशीही नाही. मंदा सांगते तसं दवाखान्यातून घरी आणल्यावर एवढं रक्त का गेलं, गाडी वेळेवर का आली नाही, कोणी विचारणारच नाही. पुढची बाई त्याच रस्त्याने जाणार. संताप येतो नुसता.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. मालकीणकाकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं, नाही म्हणता आलं नाही. सात-आठ बाया, सगळ्यांना एकमेकींची सात पिढ्यांची माहिती. मला विचारायला एकच प्रश्न: "तुमचे मिस्टर येत नाहीत का वो कधी?"
"नागपूरला असतात. रजा मिळत नाही."
किती वर्षं झाली, रजाच मिळेना बिचाऱ्यांना.
वाणात चहाची गाळणी मिळाली. आता घरात गाळण्या तीन, चहा पिणारी एक. तिळगूळ खाऊन लवकर आडवी झाले. झोप कुठली.

२० जानेवारी, मंगळवार
भेटीचं निमित्त काढून कमलबाईच्या गावी गेले. घरी ती, तान्ही आणि धाकटी लेक सोनल. नामदेवभाऊ, कमलबाईचा नवरा, वांग्यांना पाणी द्यायला गेलेला. तान्हीला वाटी-चमच्याने दूध पाजणं चाललं होतं. अर्धं गळ्याखाली, अर्धं गळ्यावर.

सहज विचारलं, "उज्ज्वला कधी आली होती?"
"आखाजीले."
मी बोटांवर महिने मोजले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तर जेमतेम दिवस गेले असतील. सासुरवाशिणी आखाजीला येतात, झोके घेतात, चार दिवसांनी जातात. बाळंतपणाला इतक्या आधी कोण येतं?
कमलबाईने दाराकडे पाहिलं. "वापस जाणारच नव्हती ते. तो लय मारे. पाठ पाह्यली मी तिची, अन् म्हटलं नको जाऊ बाप्पा. पण गावाले काय सांगाव? पोट दिसाले लागल्यावर बाळंतपणाले आली म्हटलं. लोकायचं तोंड बंद झालं."

म्हणजे पाहुणी नव्हतीच ती. जिथे कायम राहायची ते गाव तिचं, असा नोंदीचा नियम. आमची होती. आमचीच.

२१ जानेवारी, बुधवार
बाळंतपणाला आलती. नागपूरला असतात. दोन्ही वाक्यं एकाच कारखान्यातली. माझं वाक्य निदान कुणाच्या जिवावर उठलेलं नाही.

साहेबांना सांगितलं. खुर्चीत मागे रेलले. "अहो, बाप स्वतः सांगतो ना बाळंतपणाला आली? मग आपण कोण?" मी हटले नाही. म्हटलं, तान्ही आपल्या हिशेबात आणि आई कुणाच्याच नाही, हा कुठला हिशेब? शेवटी वैतागून म्हणाले, "बरं, चौकशी लावू गावात. घरच्यांनी सगळ्यांसमोर तोंडाने सांगितलं कायमची आली होती, तर लिहा इथली. नाहीतर सासरची म्हणून मोताळ्याला पाठवा, विषय खलास."
मोताळ्याला पाठवणं म्हणजे विहिरीत टाकणं. ते परत इकडेच पाठवतील.

२५ जानेवारी, रविवार
सुट्टी. नामदेवभाऊंना शेतात गाठलं. माणूस वाईट नाही. बांधावर पोतं अंथरून बसायला दिलं, पाणी दिलं. ऐकून घेतलं सगळं.
"ताई, सोनलचं जुळून राह्यलं. येत्या रविवारी पाहुणे येणार हायेत. मोठी नवऱ्याले सोडून आलती हे त्यायले समजलं तं येतीन काय ते? एक पोरगी गेली माही. दुसरीले काय घरात बसवू?"
माझ्या घरात कोण बसलंय ते मला ठाऊक आहे.
"पोरगी बाळंतपणालेच आलती. तसंच लिहा," म्हणाला, आणि पंजाने डोळे पुसले.

परतताना एसटीत बाजूची सीट शेवटपर्यंत रिकामी. वाटलं, सोडावं. मेलेलीसाठी जिवंत असलेलीचं कशाला बिघडवायचं? मग वाटलं, सोनललाही उद्या मूल होईल, तिलाही दवाखान्याची गाडी वेळेवर हवी असेल. खरं काय ते कळेना. कुणाशी तरी बोलावं म्हणून माहेरी, उंद्रीला, दादाला फोन केला. वहिनीने उचलला. "काय काम होतं?" काही नाही, असाच केला. "ते बाहेर गेलेत." बरं.

३० जानेवारी, शुक्रवार
जमेल तसं लिहिते.

चौकशी अंगणवाडीत. डॉक्टर, नर्सबाई, मंदा, मी. घरचे तिघे आणि तान्ही. दारात निम्मं गाव. डॉक्टरांनी दारातल्यांना हटकलं. ते दोन पावलं मागे गेले, परत आले.

"उज्ज्वला माहेरी कशासाठी आली होती?"
नामदेवभाऊ म्हणाले, "बाळंतपणाले."
"किती आधी?"
कमलबाईने पदर तोंडात धरला. मी खाली मान घालून बसले होते. मनात ठरवून टाकलं होतं की तो म्हणेल तेच लिहायचं. खरंच ठरवलं होतं.
तेवढ्यात सोनल बोलली. मांडीवर तान्ही, आवाज बारीक, पण दारापर्यंत गेला.
"बाळंतपणाले नव्हती आली. आखाजीले आलती. वापस जाणार नव्हती. माह्यापाशीच निजे."
बाप ओरडला, "सोनले! तुले कोणं इचारलं वं?"
"कोणीच नाही इचारलं. म्हणून सांगून राह्यली. बाई मेली माही, अन् तुम्ही तिले पाहुणी म्हणता?"
मोठ्या बहिणीला बाई म्हणतात त्यांच्यात.

नामदेवभाऊ उठले, चपला न घालताच निघून गेले. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी कायमच्या राहण्याच्या जागी गावाचं नाव लिहिलं. माहेरचं. मग रक्ताचं विचारलं, गाडीचं विचारलं, कुणाला कुणाला फोन केले ते विचारलं. सोनलनेच सगळं सांगितलं. कमलबाई नुसती रडत होती.

निघताना सोनलने माझा नंबर घेतला. मी म्हटलं, "पाहुण्यांचं काय करशील?" खांदे उडवले तिने. पोरीची जात, एवढी छाती आणते कुठून! मी असते तर बोलले असते? नसते बोलले. मी आजही 'नागपूरला असतात'वरच आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार
चौकशीचा कागद साहेबांच्या टेबलावर. वाचला त्यांनी, मी समोरच उभी होते. सही नाही केली. "एक मृत्यू आला म्हणजे दर कुठे जातो माहिती आहे ना मॅडम?" माहिती आहे. काढून मीच देणार आहे. एवढ्याशा तालुक्याचा दर एका बाईने ढवळून निघतो, तेही माहिती आहे. "बघू," म्हणाले. दुपारपर्यंत कागद फायलींच्या खाली गेला होता. मी तो वर काढून ठेवला.

भाजीबाजारात कमलबाईची जागा रिकामी. पाहुणे काल यायचे होते. आले की नाही? शेजारच्या कांदेवालीला काही माहीत नाही, किंवा सांगायचं नाही.

घरी येऊन फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. काय विचारू? मोडलं का? माझ्यामुळे मोडलं का? शेवटी लावलाच. सोनलने उचलला. मागे तान्ही टाहो फोडत होती. "ताई? एक मिनिट हं, हिले घेते," म्हणाली आणि फोन चालूच ठेवून गेली. भांडं पडल्याचा आवाज आला. कुणीतरी काहीतरी बोललं, बाप्याचा आवाज, शब्द लागले नाहीत. मग सोनल अडगुलं मडगुलं म्हणत होती, बराच वेळ.

ती फोनवर परत आली नाही. विसरली असणार. तान्हीचं रडणं थांबेपर्यंत मी कानाला लावून बसले, आणि मग ठेवला.