दोष काडतुसाचा

११ फेब्रुवारी, मंगळवार
काल नेमबाजी मंडळाची सभा. कॉफी पातळ, वाफल गार. अध्यक्ष स्टाइनारनं जाहीर केलं, जूनमधल्या जिल्हा स्पर्धेसाठी ज्येष्ठांच्या संघातली पाचवी जागा यंदा मोकळी आहे. मोकळी कशी? त्या जागेवर मी आहे. बाकी चार नावं पक्की. पाचव्यासाठी एक जूनला चाचणी. मी किंवा टूरिड.

टूरिड म्हणजे माझी मेहुणी, गुन्वोरची धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी बाईनं पहिल्यांदा रायफल हातात घेतली. मी हाउगदालच्या रेंजवर तिच्या लग्नाच्या आधीपासून पालथा पडतोय.

सभेत शांतपणे सांगितलं, गेल्या वर्षी माझ्या गोळ्या उजवीकडे खाली गेल्या त्याला कारण दुकानातली काडतुसं. स्टाइनार म्हणाला, अरे ओड्वार, सगळेच तीच वापरतात. मी म्हटलं, तेच तर दुखणं आहे.

संकल्प: यापुढे माझी काडतुसं मी स्वतः भरणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार
पार्सल आलं. प्रेस, डाय, वजनकाटा आणि एक जाडजूड पुस्तक. काम सोपं आहे. वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, डायमध्ये दाबून मूळ मापावर आणायची, बुडाला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टिकली, आत पावडर, तोंडाशी गोळी. यात शिकायचं ते काय.

तळघरात गारठा, म्हणून प्रेस जेवणाच्या टेबलाला बसवला. चार भोकं पाडावी लागली. टेबल सासूबाईंचं आहे हे गुन्वोरनं भोकं पाडून झाल्यावर सांगितलं. मला माहीत होतं, पण वेळेवर आठवण करणं तिचं काम. संध्याकाळी टूरिड आली. एका भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणाली, भावोजी, आईनं या टेबलावर आम्हाला कधी कोपरसुद्धा टेकू दिलं नाही हो.

पुस्तकातली पहिली तीन प्रकरणं नवशिक्यांसाठी आहेत. सोडली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
पहिलीच पुंगळी डायमध्ये अडकली. प्रेसचा दांडा ओढला. पुंगळी हलली नाही, टेबल उठलं. मेणबत्त्या पडल्या. गुन्वोर आतून म्हणाली, मोडलं का? मी म्हटलं, नाही. तेव्हा खरंच मोडलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
दांडा मोडला. स्टाइनारला बोलवावं लागलं. हा गडी कित्येक वर्षं स्वतः काडतुसं भरतो आणि सभेत गप्प बसून राहतो. त्यानं अडकलेली पुंगळी काढली. म्हणाला, दाबायच्या आधी पुंगळीला तेल लावायचं असतं रे, दुसऱ्या प्रकरणात आहे. इतकी महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या प्रकरणात? लेखकाला अक्कल नाही. जाताना स्टाइनार म्हणाला, लाव, पण थोडंच लाव.

२६ फेब्रुवारी, बुधवार
नवा दांडा आला. तेल लावलं. सगळ्या पुंगळ्यांच्या खांद्यांना पोचे. तेल जास्त झालं की असं होतं म्हणे. थोडंच म्हणजे किती, हे स्टाइनारनं सांगितलं नव्हतं. माहिती दडवून ठेवणारे लोक मंडळाचे अध्यक्ष होतात.

२ मार्च, रविवार
पुंगळ्या धुऊन ओव्हनमध्ये वाळत घातल्या होत्या. गुन्वोरनं न बघता ओव्हन तापवला आणि वरच्या कप्प्यात माशाचं भांडं ठेवलं. पुंगळ्या काळपटल्या. असं तापलेलं पितळ पुन्हा वापरायचं नसतं, हे मला नंतर वाचून कळलं. म्हणजे नुकसान माझं झालं, आणि चिडली ती. स्वयंपाकघर दोघांचं आहे, हे मी ठामपणे सांगितलं. ती म्हणाली, हो का, मग हे भांडं घासून टाक. आणि टूरिडकडे जेवायला गेली.

मी पावावर तपकिरी चीज ठेवून खाल्लं. शत्रूच्या गोटात जेवणाऱ्यांत मी नाही.

९ मार्च, रविवार
वजनकाटा स्थिर राहत नाही. पावडरचा एक दाणा टाकावा तर आकडा नाचतो. सकाळभर शोध घेतला. अपराधी सापडला: घर गरम ठेवणारा भिंतीवरचा हीट पंप. त्याची झुळूक थेट काट्यावर. बंद केला. आकडा एकदम शांत. शास्त्र म्हणतात ते हेच.

बाहेर उणे चौदा. गुन्वोर लोकरीचा कोट, टोपी, हातमोजे घालून विणत बसली होती. हातमोजे घालून विणता येतं हे मला माहीत नव्हतं. म्हणाली, माझ्या आजीच्या घरी वीज नव्हती, तरी तिथं याच्यापेक्षा ऊब होती. मी म्हटलं, श्वास जरा पलीकडे सोड.

२३ मार्च, रविवार
पहिली वीस काडतुसं तयार. खिडकीत ओळीनं मांडली. काय सुरेख दिसतात. गुन्वोरला बोलावून दाखवली. तिनं एक उचललं, उलटं केलं आणि विचारलं, बाकीच्यांचं बूड चकचकीत आहे, याचं का नाही? प्रायमर उलटा बसला होता. एकोणीस काडतुसं तयार.

२४ एप्रिल, गुरुवार
रेंज उघडली. शनिवारी सगळ्यांनी मिळून बर्फ उपसला होता. माझी पाठ धरल्यामुळे मी देखरेख केली. आज माझी काडतुसं पहिल्यांदा उडाली. आवाज भारदस्त.

गोळ्या उजवीकडे, खाली.

टूरिड शेजारीच होती, दुकानातली काडतुसं घेऊन. गोळी कुठे लागली ते दाखवणाऱ्या तिच्या पडद्यावर सगळे ठिपके मधोमध, एकमेकांच्या मांडीवर. तिला चांगला डबा लागला असणार. दुकानातल्या मालात असं कधीकधी होतं.

कारण सापडलं, मात्र. इंटरनेटवर एक जर्मन गृहस्थ सांगतो, गोळी पुंगळीत फार खोल बसवू नये. तिचं टोक नळीतल्या आट्यांच्या जवळ असावं, म्हणजे ती सरळ जाते. किती जवळ हे तो सांगतो, पण मला अर्धवट काम आवडत नाही. मी थेट टेकवणार.

४ मे, रविवार
लिहायची इच्छा नाही. लिहितो.

सकाळी सराव. नवी लांब काडतुसं. पहिलं आत सारताना बोल्ट जरा जोर लावून बंद करावा लागला. घट्ट बसलंय, मनात म्हटलं, छान. तेवढ्यात स्टाइनारच्या मेंढ्या कुंपण ओलांडून थेट टार्गेटांसमोर येऊन चरायला लागल्या. थांबा, रायफली रिकाम्या करा, असा हुकूम झाला. सगळ्यांनी बोल्ट ओढले. मीही ओढला.

पुंगळी बाहेर आली. गोळी आली नाही. ती नळीत रुतून बसली होती, आणि पावडर रायफलीच्या पोटात भरभरून सांडली. हातात नुसती पितळी नळकांडी. मेंढ्या गेल्या तरी माझी रायफल रिकामी होईना, आणि ती होईपर्यंत रेंज चालू करता येईना. सगळी रांग उठून माझ्याभोवती कॉफी घेऊन उभी. स्टाइनारनं सफाईचा गज तोंडाकडून घालून हलकेच ठोकत गोळी मागे काढली. टूरिड म्हणाली, भावोजी, तुमची गोळी भलतीच घरकोंबडी निघाली, बाहेर जायलाच तयार नाही.

सगळे हसले. कॉफी वाटायला आलेली गुन्वोरही हसली. मेंढ्या मोकाट सोडणाऱ्या माणसाला कोणी एक शब्द बोललं नाही, हे इथं नमूद करून ठेवतो.

६ मे, मंगळवार
पुस्तकातली पहिली तीन प्रकरणं वाचली. नवशिक्यांसाठीच आहेत, पण लेखक अगदीच मूर्ख नाही.

१७ मे, शनिवार
राष्ट्रदिन. मिरवणूक, बँड, पोरांच्या हातात आइस्क्रीम. मी पारंपरिक पोशाखात, चांदीच्या बटणांसह. शाळेच्या मैदानावर भेटेल त्याला सांगितलं, एक जूनला बघा. गुन्वोर म्हणाली, अहो, सगळ्या गावाला कशाला सांगताय, उद्या तोंड दाखवायचंय. मी म्हटलं, म्हणूनच सांगतोय.

२५ मे, रविवार
साठ काडतुसं. पुस्तकात लिहिलंय तशीच. घाई नाही, तेल थोडंच (किती ते आता बोटांना कळतं), पावडर दाण्यादाण्यानं, लांबी प्रत्येकाची मोजून. हीट पंप बंद करावा लागला नाही. काट्यावर काचेची बरणी पालथी घातली की झुळूक लागत नाही. गुन्वोरनं सुचवलं. मीही त्याच विचारात होतो.

हे काम मला आवडायला लागलंय. खोटं कशाला लिहू. दुपारभर कोणाशी बोलावं लागत नाही आणि शेवटी समोर काहीतरी नीट उभं असतं.

एकाच गोष्टीची भीती आहे. संघात नसलो तर गुरुवारी रेंजवर जाऊन मी करायचं काय? पेन्शन घेतल्यापासून ओड्वार कुठाय असं विचारणारे फक्त तिथलेच लोक उरलेत. जागा गेली तर मी म्हणजे कॉफी प्यायला येणारा एक म्हातारा. तसे दोन आहेत. त्यांना कोणी काही विचारत नाही.

पण जागा जाणार नाही. आता काडतूस माझं आहे.

१ जून, रविवार, सकाळी
वारा नाही. प्रकाश उत्तम. आज कोणालाच सबब सांगता येणार नाही. टूरिडची दया येते.

त्याच दिवशी, दुपारी
आधी टूरिड. नेहमीसारखी चांगली. मग मी.

पहिली उजवीकडे, खाली. दुसरी तिच्याच खाली. तिसऱ्याला चाप ओढला आणि नुसतं टक. काडतूस फुसकं. तेलकट बोट प्रायमरला लागलं असणार. शंभरात एखादं होतं, पुस्तकातही आहे. पण टक झालं त्याच क्षणी रायफलीच्या नळीनं उजवीकडे खाली मान टाकली. गोळी नाही, धक्का नाही, काही नाही, आणि रायफल माझ्या हातात शिंक आल्यासारखी उडाली. मागच्या बाकावरचे सगळे बघत होते. फुसकं काडतूस उशिरानंही उडू शकतं, म्हणून नियमाप्रमाणे नळी समोर धरून मी वाट बघत पडून राहिलो. इतका वेळ मी आयुष्यात कधी पडून राहिलेलो नाही.

स्टाइनार शेजारी गुडघ्यावर बसला, माझ्या एका कानावरचं संरक्षक झाकण सरकवलं आणि हळू आवाजात म्हणाला, ओड्वार, उडालं काहीच नाही, मग तू कशाला दचकलास? मी म्हटलं, रायफल दचकली.

उरलेल्या गोळ्या झाडल्या. कुठे गेल्या ते लिहीत नाही.

उठल्यावर मी मोठ्यानं सांगितलं, काडतुसांचा हा घाणाच बिघडलाय, एक तर उडालंसुद्धा नाही, हाच पुरावा. चाचणी रद्द करा. स्टाइनार म्हणाला, ठीक आहे, बघू या. मग तुझी रायफल, तुझीच काडतुसं, टूरिडला पाच झाडू दे. मी म्हटलं, खुशाल. मला वाटलं, आता कळेल.

टूरिड आडवी झाली. माझ्याच पट्ट्यात हात अडकवला. पाच गोळ्या. पडद्यावर पाचही दहा गुणांच्या वर्तुळात, एका नाण्याखाली झाकतील अशा. ती उठली, मला काहीतरी लागेलसं बोलेल म्हणून मी तयारीत होतो. ती म्हणाली, भावोजी, अशी काडतुसं मी आजवर उडवली नव्हती. कशी हो भरलीत?

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

३ जून, मंगळवार
गुन्वोरनं माझ्यासमोर वाफल ठेवला आणि म्हणाली, अहो, तुम्ही चाप ओढताना डोळे मिटता. मी लग्नाच्या आधीपासून बघतेय. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले होते. तुम्ही म्हणालात, तो रायफलीचा दोष.

मला आठवत नाही. मी असं म्हणालोच नसणार.

५ जून, गुरुवार
स्टाइनारचा फोन. संघातल्या पाचही जणांच्या रायफली एकाच बनावटीच्या. त्यांच्यासाठी मी काडतुसं भरीन का? मी सांगितलं, विचार करून कळवतो. मोठ्यांदा म्हटलं, म्हणजे गुन्वोरला ऐकू जावं.

विचार करायला फोन ठेवला. लगेच परत केला. गुन्वोरला म्हटलं, माझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही. ती म्हणाली, हो तर. हसली नाही, हे विशेष.

२२ जून, रविवार
जिल्हा स्पर्धा. आपला संघ पहिला. मी मागे बाकावर होतो, कॉफी घेणाऱ्या त्या दोघांच्या शेजारी. एकाही काडतुसानं दगा दिला नाही. प्रत्येक बारावर मी थोडासा दचकलो, पण बाकावर दचकलं तर चालतं.

कर्ण्यावरून पाच नावं पुकारली. पाचवं टूरिडचं. पाच जणांना एकेक चांदीचा चमचा. टूरिड चमचा घेऊन थेट बाकाकडे आली आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढे धरला, म्हणाली, भावोजी, हा तुमचा. मी म्हटलं, आमच्या घरी चमचे आहेत.

मग निकालाचा फलक लागला तिथं गेलो. काडतुसं भरणाऱ्याचं नाव फलकावर लिहायची पद्धत नाही. विचारून आलो.