दोन ठोके

प्रिय लेआंद्रो,

बहिणीचं पत्र म्हणजे तक्रारच असणार, असं म्हणून तू हे दोन दिवस न उघडता ठेवलं असशील. तक्रारच आहे. पण आधी तुझ्या कामाचं सांगते. गेल्या शनिवारचे तुझे पाहुणे खूश होऊन गेले. तुझ्या पाहुण्यांसाठी रांधणाऱ्या बासिलिसाचं लसणाचं सूप त्यांनी चाटूनपुसून खाल्लं, कड्यावरच्या गिधाडांचे फोटो काढले, माझं चीज नावाजलं. माणसं वाईट नाहीत रे. बावीस घरं उरलेल्या आपल्या गावात कुणी हौसेने येतं याचा तुला अभिमान आहे. मलाही होता.

आई गेल्या हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. शनिवारी तू माद्रिदहून बस घेऊन येणार म्हणून ती सकाळीच माझ्याकडून केस विंचरून घ्यायची आणि उशीला टेकून बसायची. तू जिन्याच्या खालच्या पायरीवरून ओरडायचास, "आई, जाताना येतो गं." तिला तेवढंही पुरायचं. मग दिवसभर मला विचारायची, ते लोक जेवले का, लेआंद्रो जेवला का. जाताना तू दहा मिनिटं यायचास, कधी तेवढीही नाही. मी काही बोलले की म्हणायची, तो कामात असतो, तू त्याच्यावर जळतेस. जळतच होते. अंग मी पुसायचं आणि तिने वाट तुझी बघायची.

चर्चच्या घंटेचं खूळही तुझंच. बाईमाणूस गेलं तर दोन ठोके, पुरुष गेला तर तीन, आणि ते ऐकले की हातातलं काम टाकून मयताच्या घरी जायचं, ही आपल्याकडची रीत. तू ती पाहुण्यांना ऐकवायला लागलास. घंटा वाजवणारे फर्मिनकाका आधी साफ नाही म्हणाले, मग तुझ्या गोड बोलण्याला भुलले. पहिल्या शनिवारी अर्धं गाव धावत चौकात आलं आणि तुला हसू आवरेना. पुढच्या खेपेला चौघं आली. नंतर कुणी मानही वर करेना.

गेल्या शनिवारी दुपारी दोन वाजता आई गेली. वाट बघतच गेली, गोड करून सांगणार नाही. मी खिडकीतून हाक मारून कळवलं तसे फर्मिनकाकांनी दोन ठोके दिले, थांबले, पुन्हा दोन दिले. मयताला एकटं सोडायचं नाही, म्हणून मी दार सताड उघडं टाकून तिच्याजवळ बसून राहिले. कुणी आलं नाही. तेव्हा वर चेस्टनटच्या बनात तू पाहुण्यांना सांगत होतास, "ऐका, दोन ठोके म्हणजे बाई गेली. म्हातारा आज खुशीत आहे, परत वाजवतोय." हे मला बासिलिसाने रडत रडत सांगितलं. तीही त्या वेळी सूपच वाढत होती. आईला आंघोळ मी एकटीने घातली. काकांनी रीतीप्रमाणे दिवस मावळताना पुन्हा घंटा दिली, आणि पाहुणे गेल्यावरही ती वाजतेय म्हटल्यावर गावाला उमगलं.

रविवारी तिला बाबांच्या कबरीशेजारी पुरलं. जो तो विचारत होता, लेआंद्रो कुठाय. मी खोटंच सांगितलं, त्याला कळवलंय, त्याला जमलं नाही. लोकांनी तुला नाही नाही ते बोलून घेतलं आणि मी खाली मान घालून ऐकत राहिले.

पत्र लिहिलं ते त्यासाठी, आणि त्याआधीच्या एका गोष्टीसाठी. शनिवारी पाचला तुझी बस खिडकीखाली थांबली. तू उतरलास, घड्याळ पाहिलंस, मग वर पाहिलंस. मी पडद्याआड उभी होते, आई मागे पलंगावर. एक हाक पुरली असती. तू ड्रायव्हरला चल म्हणालास, आणि मी हाक मारली नाही. वर आला नाहीस हे तुझं. आईचं शेवटचं तोंड तुला दिसू दिलं नाही, हे माझं. त्याची माफी मागायला बसले होते, पण पत्र संपत आलं तरी ती मनापासून मागता येत नाहीये.

तरीही तुझीच,
ओब्दुलिया