वसुलीवाल्यांसाठी नेसलेली साडी

माय, काल फाटकाशी फाइल घेतलेला एक माणूस येऊन उभा राहिला आणि मला तुझी जांभळी साडी आठवली. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कडी वाजली की मी आधी मागच्या दाराकडे पाहते.

बाबांनी कोहमारा ते गोंदिया सवारी वाहायला कर्ज काढून काळी-पिवळी जीप घेतली होती. कर्जाच्या किस्ती थकल्या आणि फायनान्स कंपनीचे दोघं मोटरसायकलवर घरी आले. अजून दिसतं सगळं. बाबा मागच्या दारानं निसटलेत, तू चुलीपुढे बसली आहेस, आणि त्यातला मोठा उंबऱ्यात उभा राहून म्हणतो आहे, "गाडी उठा के ले जायेंगे, पूरे मोहल्ले के सामने." तेवढ्यात शेजारची काकू कुंपणावरून मान लांब करून विचारते, "कोन आले वो बाई?" तू पापणीही न हलवता सांगितलंस, "पोरीले पाहाले पाहुणे आले." मग आत येऊन तुझी जांभळी साडी माझ्या अंगावर फेकलीस. "लवकर नेस, अन् पोहे ने." मी म्हटलं, "माय, ते तं पैशासाठी आले ना?" तर म्हणालीस, "मंग गावाले सांगू का? तुह्या बापाची इज्जत जाईन."

मी डोक्यावर पदर घेऊन पोहे नेले. धमकी देणारा बशीकडे पाहतच राहिला. खायला लागला, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, मला विचारलं, "कितना पढ़ी हो?" मी जमिनीकडे बघत म्हटलं, बारावी. मेल्यानं पोहे चाटूनपुसून खाल्ले आणि पुढच्या महिन्यात परत आला. पुन्हा तीच साडी, पुन्हा पोहे. काकू विचारायची, "पक्कं झालं का नाही?" तू म्हणायचीस, "पाहून राहिले." होता होता गावभर झालं की या पोरीला पाहतात आणि सोडून देतात, काहीतरी खोट असणार. एक खरं स्थळ कोहमाऱ्याच्या स्टँडवर चहा पिता पिता हे ऐकून तिथूनच माघारी गेलं. त्या दिवशी मी तुझ्याशी कडाकडा भांडले. बाबांची इज्जत वाचवलीस, माझी कोण वाचवील? तू तांदूळ निवडता निवडता थांबलीस. "लगन तं होऊन जाईन वो. गाडी गेली तं खाऊ काय?" गाडी राहिली, किस्ती फिटल्या. माझं लग्न मात्र उशिरा झालं, आपल्याला कुणी ओळखत नव्हतं अशा घरी.

पुढे गोंदियात ग्राहकांच्या हक्कांवर एका वकीलबाईंचं भाषण ऐकलं. वसुलीवाल्यानं ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र दाखवायला हवं, अवेळी यायचं नाही, शेजारीपाजारी बोभाटा करायचा नाही, धमकी दिली तर लेखी तक्रार करता येते. बाया वहीत लिहून घेत होत्या आणि मी मागे बसून रडत होते. तुझ्या वेळी हे नियम होते की नव्हते कोण जाणे. असते तरी आपल्याला कोण सांगणार होतं?

तर काल तो फाइलवाला आला. तुझ्या जावयाच्या ऑटोच्या किस्ती मागे पडल्या आहेत. मी फाटक उघडलं नाही. हात ओढणीत गुंडाळले आणि म्हटलं, "आयकार्ड दाखवा. कंपनीचं पत्र दाखवा." तो म्हणाला, "मॅडम, इतना क्या..." मी म्हटलं, "जे सांगायचं ते लिहून पाठवा. इथं आवाज चढवला तर तक्रार करीन." त्यानं आवाज खाली आणला, इकडेतिकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. माय, तो खरंच गेला. पोहे न खाता गेला.

मग समोरच्या गॅलरीतून भाभीनं विचारलं, "कौन आया था?"

"मेहमान थे," मी म्हणाले.

मागे माझी मुलगी शाळेच्या गणवेशात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, फाटकाशी बोललेलं आणि गॅलरीला सांगितलेलंही. तिला काय सांगावं ते सुचेना, म्हणून तुला लिहायला बसले. हे कुठं पाठवायचं नाही, घडी करून तुझ्या साडीत ठेवीन. तुझ्यावरचा राग मी इतकी वर्षं जपला होता. काल 'मेहमान' म्हणताना तो राग निघून गेला, आणि आता पोरीला साडी नेसायला सांगण्यापासून मला कोण अडवील, याचीच कालपासून भीती वाटते आहे.