यांचं पथ्य

४ डिसेंबर २०१८, रामवाडी, पेण
यांच्या हृदयात स्टेंट टाकून तीन महिने झाले तरी जिभेचे लाड सुटेनात. आजपासून पापड, सुकट, लोणचं यांच्या ताटातून बंद. रोह्याहून कंपनीच्या बसने आले, ताट बघितलं. "जेवण हाय का शिक्षा?" डबाभर पापड पडलेत. टाकवत नाहीत, म्हणून मीच संपवतेय.

७ डिसें.
सकाळी यांच्याबरोबर चालायला गेले. चढावर छातीवर कुणी बसल्यासारखं झालं, डावा जबडा दुखला. उभी राहिले तर गेलं. दिवाळीत फराळाचं करतानाही असंच. दाढ असेल. यांना सांगितलं, चप्पल टोचतेय.

१० डिसें.
कंपनीतल्या म्हात्रेंनी यांना माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या. "या घेतल्या की डॉक्टरच्या गोळ्या लागत नाय," असं म्हणाले म्हणे. म्हणून गोळ्यांचं पाकीट पाहिलं. परवापासून हात लावलेला नाही. यांना जाब विचारला.
"मला बरं वाटतंय ना? मग?"
"बरं वाटतंय ते गोळ्यांमुळेच."
ऐकेनात. शेवटी डॉक्टरांना फोन लावून यांच्या कानाला दिला. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळणार नाही, म्हणाले. हे पांढरेफटक. तिथल्या तिथे गोळी घेतली. जेवलो नाही कोणीच.

१५ डिसें.
शाळेचा जिना चढताना पुन्हा. घाम, मळमळ. वर्गाला धडा वाचायला लावला आणि टेबल धरून बसले. घरी येऊन पित्ताची गोळी घेतली. नंतर म्हात्रेंच्या बाटलीतली एक कॅप्सूलही. यांना नको म्हणून भांडले ती मीच. डॉक्टरांकडे जायचं तर यांना सांगावं लागेल, आणि हे घाबरले तर यांचंच काहीतरी...
आता रोज घेणार. कोणी बघत नाही तेव्हा.

२१ डिसें.
निडीला नणंदेकडे पोपटी. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, मडक्यात खमंग शिजलेलं. यांना वाटीभरच दिलं. पाण्याची कळशी उचलली आणि जबडा, खांदा, पाठ, सगळं एकदम आवळलं. पेंढ्यावर बसले.
"वयनी, तोंड किती उतरलंय गो!"
म्हटलं, दमले. हे समोरून बघत होते. येऊन कळशी उचलून नेली.

२४ डिसें.
आज चालत नव्हते, काही उचललं नव्हतं. खुर्चीत बसून शेंगा सोलत होते आणि सुरू झालं. थांबेचना. हाक मारायला श्वास पुरेना, परात ढकलून दिली. आवाजाने हे धावत आले. रिक्षाने डॉक्टरांकडे.
ईसीजीची पट्टी काढली. जिभेखाली गोळी दिली.
"कधीपासून होतंय?"
"आजच."
मागून हे म्हणाले, "दिवाळीपासून."
डॉक्टर यांच्याकडे बघत राहिले. मी मान वळवली नाही. कॅप्सूलचंही सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, कॅप्सूलच्या भरवशावर बसलात तेच चुकलं. घरी जायचं नाही, थेट पनवेल.
ॲम्ब्युलन्समध्ये मी यांना विचारलं, "कळलं होतं तर विचारलं का नाय?"
"तू व्हय म्हणाली असतीस तर?"
हात धरून बसले होते.

२५ डिसें., पनवेल
थोड्या वेळाने अँजिओग्राफी. काय निघेल ते तिथेच कळेल. यांना विचारलं, सकाळची गोळी घेतली का. घेतली म्हणाले. खिशातून पाकीट काढून दाखवलंसुद्धा.
बांगड्या काढायला सांगितल्यात. हाताला सूज आहे, निघत नाहीत. हे साबण लावून एकेक काढतायत, माझ्याकडे न बघता. मला वही हवी म्हणून मध्ये थांबलेत. एक राहिलीय. नर्स म्हणतेय, फोडू या का? हे म्हणाले, नको. जरा थांबा.