उलट्या पावलांचे भूत

सातारा, ४ डिसेंबर १९३६

तीर्थरूप आबांना महिपतीचा साष्टांग नमस्कार.

माझी नोकरी शाबूत आहे. आईला आधी एवढे सांगा.

सरकारी नोकराने कचेरीची थट्टा छापू नये, असे तुम्ही बजावले होते. तरी कादंबरी छापली. भाजे गावच्या वाटेवरचे, तुम्ही लहानपणी गोष्टीत सांगायचात तेच भूत तिच्यात पिंपळ नावावर करून घ्यायला कचेरीत जाते. त्याची पावले उलटी, म्हणून शिरस्तेदार धुळीतले ठसे पाहून लिहितो, 'अर्जदार निघून गेला.' भूत रोज येते आणि रोज निघून गेलेले ठरते.

सोमवारी मामलेदारसाहेबांनी पुस्तक हातात धरून मला बोलावले. मी ट्रंक भरूनच गेलो होतो. साहेब म्हणाले, "हा शिरस्तेदार मी ओळखला. मागच्या तालुक्यात होता, लेकाचा!" आणि पोट धरून हसले.

मग ते स्वतः कचेरीच्या ओट्यावर गेले. तिथे एक म्हातारी आठवडाभर बसून होती.

"आत या, मावशी. पावलं सरळ आहेत ना तुमची?"

"व्हय की. पर आजवर इचारलं कुनी?"

तिचे काम तासाभरात झाले.

भाताची झोडणी उरकली का? तुमचा गुडघा कसा आहे? भाज्याच्या वाटेने गेलात तर त्या भुताला सांगा, त्याने कचेरी जिंकली.

आपला,
महिपती