अर्ध्या गाडीचं काय करायचं

मी, जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्सची गळती शोधणारी, गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत राहणारी विधवा, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. गोंधळ आहे, पण तो एकाच बाबतीत आहे आणि खाली येईलच.

१. राहत्या खोल्या मुलाला. त्याने आधी छत दुरुस्त करावं, मग भाडेकरू शोधावा.

२. गॅरेज, गाडीखाली उतरायचा खड्डा, जॅक आणि सगळी हत्यारं सुनेला. मुलाने रुसू नये. जमिनीवरचा डाग बघून तो फडकं आणायला धावतो; सून बोट लावून वास घेते, लाल तेल गिअरबॉक्सचं की तपकिरी इंजिनचं ते सांगते, आणि मगच पुसते.

३. मोठी निळी गाडी. ती माझे यजमान आणि माझे दीर, म्हणजे भाऊजी, यांनी मिळून घेतली होती. यजमान गेल्यावर त्यांचा अर्धा हिस्सा माझ्याकडे आला. गाडी मात्र भाऊजींच्या दारात राहिली. वर्षश्राद्ध व्हायच्या आत भाऊजी म्हणाले की गिअरबॉक्समधून तेल गळतंय, दादाने तेल अडवणारं रबरी सील नीट बसवलं नसणार. गेलेल्या माणसाच्या कामाला नावं ठेवली, म्हणून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. गाडी तेवढी तपासायला घेत असे.

ती गळती मला काही केल्या सापडेना. गाडीखालचा सगळा भाग धुतला, ओल उमटावी म्हणून पावडर मारली, फेरी मारून आणली, खाली पांढरा कागद अंथरला. कागद कोरा. गाडी त्यांच्या घरी गेली की पुन्हा लाल थारोळं. चालत्या गाडीचं तेल वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे थेंब एकीकडे आणि भोक दुसरीकडे, हे मला ठाऊक होतं. पण इथे थेंबच नव्हता. भाऊजी खोटं बोलतात, असंही मनात येऊन गेलं.

शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. शेजारीण म्हणाली, तुमच्याकडे आणतात तेवढं सोडलं तर गाडी हलतच नाही; भाऊजी रोज संध्याकाळी नुसते आत बसतात, शेजारच्या सीटवर, दादा चालवत असताना ते जिथे बसायचे तिथे. तेव्हा उलगडलं. गाडी फार दिवस उभी राहिली की वरचं तेल उतरून गिअरबॉक्सच्या तळाशी साचतं, पातळी चढते, आणि गिअरच्या दांड्याजवळच्या जुन्या सीलमधून बाहेर येतं. यजमानांनी बसवलेलं सील वेगळं, ते कोरडं ठणठणीत होतं. मी तसं सांगितलं. भाऊजी बॉनेटला हात लावून म्हणाले, "वहिनी, दादाची माफी आता कशी मागू?"

दांड्याचं सील मी बदललं. गळती थांबली. तरी भाऊजी दर आठवड्याला गाडी घेऊन येतात, मी चालवते, ते शेजारी बसतात. का येतात, ते मी विचारलेलं नाही. मुलाला हे आवडत नाही. मला काय वाटतं, तेही मला नीट कळत नाही.

माझा अर्धा हिस्सा मी भाऊजींना देते. इथे वकिलांनी विचारलं, "नातं काय लिहू?" मी दीर म्हटलं. त्यांनी लिहिलं. मी खोडायला लावलं. दुसरं काय लिहायचं ते सांगता येईना, म्हणून पुन्हा दीर लिहायला लावलं. वकिलांनी चष्मा काढून ठेवला.

बाहेर बसलेल्या भाऊजींना हे ऐकू गेलं असावं. ते दारात आले. म्हणाले, "अख्खी गाडी मला नको, वहिनी. अर्धी तुमची आहे म्हणून तर तुमच्या दारात येता येतं."

वकील म्हणाले, हे कलम तुमच्या पश्चातचं आहे, आज काहीच बदलत नाही. भाऊजी म्हणाले, मग ठीक आहे. कलम राहू दिलं आहे. खोडाखोड माझ्या संमतीची आहे.

वाचून दाखवलं, समजलं, खाली सही माझ्या हाताची.

लिहून देणार: गळतीवाली बाई (सही)

साक्षीदार: १. वकिलांची टायपिस्ट (सही) २. खालच्या दुकानातला शिंपी (सही). ज्यांना काही मिळतं त्यांनी साक्ष देऊ नये, असं वकिलांनी सांगितल्यामुळे भाऊजींची सही घेतलेली नाही. ते गाडी काढायला खाली गेले आहेत.

ठिकाण: वकिलांची कचेरी, पहिला मजला
तारीख: आजची, शिक्क्यात आहे ती