अपडेट नंतर करू

जवळा बाजार

प्रिय प्रतिक्षा,

कागदावरचं पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मला सांगायचं ते राहूनच जातं. शिवाय खरं सांगू? मला भीती वाटते गं. परवापासून माझ्या ई-सेवा सेंटरच्या कॉम्प्युटरची वायर काढून ठेवलीय, तरी त्याच्याकडं पाठ करून बसवत नाही.

दिवाळीत तू इथंच स्टुलावर बसून चिवडा खात होतीस आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं अपडेटचं चिन्ह बघून माझ्यावर ओरडलीस, आठवतं? मी म्हटलं, तुम्हा कंपनीवाल्यांना कामधंदा नाही, ब्राउझर तोच, मग दर महिन्याला नवा कशाला? तेव्हा तू समजावलंस, की महिन्याला मोठा अपडेट आणि मधे दर आठवड्याला छोटे, कारण सारखं कुठं ना कुठं भोक सापडतं. आणि ते बुजवलं की चोरालाही कळतं भोक कुठं होतं. मग ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांना तो हुडकत फिरतो. मी हो हो केलं आणि तू गेल्यावर ‘नंतर’ दाबलं.

काहून, ते तुला कधी सांगितलं नाही. दोन वर्षांमागं एका अपडेटनंतर अंगठा लावून पैसे काढायची मशीन बंद पडली, तीही ऐन बाजाराच्या दिवशी. बाहेर पन्नास माणसांची रांग. नामाजीकाका काठी टेकत तीन खेपा घालून गेले आणि शेवटी म्हणाले, पोरी, तुला जमून न्हाई राहिलं तर सांग, आमी हिंगोलीला जातो. मी लाजेनं मेले. तेव्हापासून अपडेट करणंच सोडून दिलं.

आणि इथली रीत तुला ठाऊकच आहे. पासवर्ड कुणी स्वतःकडं ठेवतच नाही. बाई, तूच ठेव, माझ्या ध्यानात न्हाई राहत, म्हणतात आणि निघून जातात. तीनशेच्या वर माणसांचे पासवर्ड मी त्याच ब्राउझरमध्ये ठेवलेत. मला त्याचा केवढा तोरा होता!

परवा चांगुणाबाईची प्रियंका आली. नर्सिंगला नंबर लागलाय तिचा. शुक्रवारपर्यंत जागा पक्की करायची आणि त्याचा ओटीपी ईमेलवर येणार. ईमेल उघडेना. पासवर्ड बदललेला, फोन नंबरही दुसराच. गुपचूप आणखी सहा जणांचे ईमेल बघितले, चार तसेच, म्हणजे चोर माझ्याच कॉम्प्युटरमधून शिरला होता. आणि मी काय केलं माहितेय? पोरीला म्हटलं, तूच बदलून विसरली असशील. चांगुणाबाईनं माझ्यासमोर तिच्या पाठीत धपाटा घातला. प्रियंका रडत माझ्याकडं बघत होती आणि मी कीबोर्ड पुसत बसले. काल फोनवर तूही म्हणालीस, पोरगी विसरली असेल. मी व्हय म्हणाले.

प्रवेशाच्या ऑफिसात विचारलं. ते म्हणतात, ईमेल तुमच्या कॉम्प्युटरवरून चोरीला गेला असं सेंटरनं लेखी द्यावं, मग नवा ईमेल लावून देऊ. तो कागद सकाळपासून समोर लिहून पडलाय, सही होत नाही. सही केली की उद्याच्या बाजारात त्या तीनशे माणसांना एकेकाला सांगावं लागेल. सेंटर बहुतेक जाईल. नामाजीकाकांना तोंड कसं दाखवू? म्हणून आधी तुला लिहिलं. एकदा खरं लिहिता आलं तर दुसऱ्यांदा जमेल, असं वाटलं. प्रियंका बाहेर ओट्यावर येऊन बसलीय, अजून मला ताईच म्हणते. पाकीट बंद करते आणि तिला आत बोलावते. सही तिच्यासमोरच करते.

तुझीच,
मोहिनी